दोन डॉक्टर आणि बापूंचा राजीनामा

पॅलेस्टिनी नेते जॉर्ज हबाश यांचा विषय बापूंनी काढला. एका बालरोगतज्ज्ञाने स्टेथोस्कोप ठेवून क्रांतीची वाट धरली, यापेक्षा मोठा त्याग कोणता, असे त्यांनी आम्हाला विचारले आणि आमच्या वतीने उत्तरही देऊन टाकले.

आयुष्यभर लहान मुलेच तपासत आलेल्या आमच्या डॉक्टरांनी त्यांना पूर्ण बोलू दिले. मग ते म्हणाले, "हबाश यांची जखम खरी आहे. १९४८च्या जुलैमध्ये इस्रायली सैन्याने त्यांचे पॅलेस्टाईनमधले लिद्दा शहर रिकामे केले, तेव्हा बैरूतला वैद्यक शिकणारा हा तरुण गावी परतला होता आणि हजारोंच्या लोंढ्याबरोबर त्यालाही बाहेर पडावे लागले. पुढे सहकारी डॉक्टर वादी हद्दाद यांच्यासोबत त्यांनी अम्मानमध्ये गरिबांसाठी दवाखाना चालवला, हेही मान्य. परंतु १९६७ साली स्थापन झालेल्या त्यांच्या पॉप्युलर फ्रंट या सशस्त्र संघटनेने विमाने पळवली, आणि १९७२च्या मे महिन्यात फ्रंटसाठी इस्रायलच्या लोद विमानतळावर उतरलेल्या तीन जपानी हल्लेखोरांमुळे २६ माणसे मेली, ज्यांत बहुसंख्य पोर्तो रिकोचे यात्रेकरू होते. हे लोद म्हणजे हबाश यांचे लिद्दाच. स्वतःच्या गावी परतण्याचा असा मार्ग कोणता डॉक्टर लिहून देतो?"

ती सारी हद्दादची कृत्ये असून साम्राज्यवादाने ती हबाश यांच्या नावावर खपवली, असे बापू म्हणाले. त्यांच्या तोंडी साम्राज्यवाद आला की चहावाला ग्लास गोळा करू लागतो.

"दवाखाना दोघांचा, मग बिल एकट्या हद्दादच्या नावावर का?" डॉक्टरांनी विचारले.

"बिलाचे बापूंना विचारू नका, नातवाच्या लशींचे अजून बाकी आहे," असे मास्तरांनी मध्येच सांगून टाकले.

डॉक्टरांचा खरा आदर होता तो दुसऱ्या एका पॅलेस्टिनी डॉक्टरविषयी, हैदर अब्देल-शफी यांच्याविषयी. तेही बैरूतच्या त्याच अमेरिकन विद्यापीठात शिकलेले. पण त्यांनी जन्मगाव गाझा येथेच रुग्ण तपासले, १९७२ साली तिथे रेड क्रेसेंट ही वैद्यकीय मदतसंस्था उभी केली आणि इस्रायलने हद्दपार केल्यानंतरही ते परत गाझालाच आले. १९९१च्या माद्रिद शांतता परिषदेत पॅलेस्टिनी प्रतिनिधींचे नेतृत्व त्यांच्याकडे होते, तरीही इस्रायलशी झालेल्या ज्या ओस्लो कराराने पॅलेस्टिनी भूमीवरील इस्रायली वसाहती थांबत नव्हत्या त्याला त्यांनी विरोध केला. १९९६ साली पॅलेस्टिनी विधिमंडळावर भरघोस मतांनी निवडून आल्यावर, आपल्याच राजवटीतला भ्रष्टाचार आणि मंडळाची हतबलता पाहून, त्यांनी पुढच्याच वर्षी ती जागाही सोडली.

"ओस्लोला विरोध हबाश यांनीही केलाच होता," बापू म्हणाले, आणि ते खरेही होते, पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी पुढे जोडले, "शिवाय राजीनामा देणे हा पळपुटेपणा आहे."

"याबाबत बापूंचा अधिकार मोठा आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले, "सोसायटीच्या समितीचा राजीनामा त्यांनी सकाळी दिला आणि तो मंजूर होण्याची लक्षणे दिसताच संध्याकाळी परत घेतला."

हसणे ओसरेपर्यंत बापू उठून उभे राहिले होते, आणि त्या राजीनाम्यामागचे पाण्याच्या पंपाचे संपूर्ण प्रकरण त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतले.