पायाभूत आणि संकलित चाचणीच्या नावाने फिरणारा मेसेज: खरं किती, खोटं किती

चाचणीच्या तारखा आल्या की विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: ‘झेडपीच्या पोट्ट्यांची राज्याची परीक्षा आहे. पेपर पुण्याहून येतात अन् पुण्यातच तपासतात. मार्क कमी आले तर पोट्टं त्याच वर्गात. शाळेचे मार्क कमी आले तर शाळा बंद, गुरुजीची बदली. कॉन्व्हेंटच्या पोट्ट्यांना यातलं काहीच नाही. आताच गाईड आणा, ट्यूशन लावा.’

यातलं बरंचसं खोटं आहे, थोडं अर्धवट खरं आहे. दोन्ही वेगळं करून सांगायला हवं, कारण या भीतीपायी काही पालक चाचणीच्या दिवशी मूल घरीच ठेवतात. ज्याला सगळ्यात जास्त मदत लागणार असते, बहुतेक वेळा तेच मूल घरी राहतं.

ही चाचणी म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. शाळेत तिला ‘पॅट’ म्हणतात. केंद्र सरकार आणि जागतिक बँकेच्या मदतीने चालणाऱ्या ‘स्टार्स’ या शालेय शिक्षण सुधारणा प्रकल्पाखाली २०२३-२४ पासून ती सुरू झाली. वर्षातून तीन वेळा होते: पायाभूत, संकलित १ आणि संकलित २. विषय तीनच: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. सुरुवातीला तिसरी ते आठवीचे वर्ग होते, पुढे त्यात थोडा बदल होत गेला. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेचं विचारते, संकलित त्या-त्या सत्राचं.

‘पेपर पुण्यातच तपासतात’

पेपर पुण्यातल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात, एवढंच खरं. तिथून ते तालुक्याला, तालुक्याहून केंद्रशाळेला आणि तिथून गावच्या शाळेला पोचतात. तपासतात मात्र त्याच शाळेतले शिक्षक, परिषदेने दिलेल्या उत्तरसूचीवरून. लेखीबरोबर तोंडी भागही असतो. तो एकेका मुलाला जवळ बसवून घ्यावा लागतो. पहिली ते पाचवीच्या दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्तांचे वेगवेगळे पेपर चालू असतात आणि त्याच वेळी तोंडी घ्यायची असते. घाई होते ती इथे. तोंडीचे गुण अंदाजाने टाकले जाण्याचा धोका सर्वांत जास्त अशाच शाळेत असतो. तोंडी दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालेल, पण न घेता गुण भरू नयेत.

तपासून झालं की गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शिक्षण विभागाच्या ऑनलाइन नोंदींच्या पोर्टलच्या, चॅटबॉटवर भरतात. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाचं नाव जुन्याच शाळेत दिसणं, नेटवर्क नसल्याने नोंद अडकणं, हे इथे नेहमीचं. पोर्टलवर नोंद दिसत नाही म्हणजे मुलाने चाचणी दिलीच नाही, असा अर्थ लगेच काढू नये.

‘बाहेर तपासतात’ हा समज बहुधा दुसऱ्याच गोष्टीतून आला असावा. केंद्र सरकारचं ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालं. ते नमुना सर्वेक्षण आहे. निवडलेल्या शाळांतली निवडलेली मुलंच त्यात बसतात. निकाल जिल्ह्याचा आणि राज्याचा लागतो, एकट्या मुलाचा कधीच लागत नाही. पॅट आणि परख या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

‘मार्क कमी आले तर त्याच वर्गात’

पायाभूत चाचणीचे गुण प्रगतिपत्रकात धरतच नाहीत. मूल कुठून शिकवायला घ्यायचं, एवढंच ती सांगते. संकलितचे गुण धरतात, पण सगळा निकाल त्यावर नसतो. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे तिसरी-चौथीत आकारिक मूल्यमापनाला ६० टक्के आणि संकलितला ४० टक्के भार आहे, पाचवी-सहावीत निम्मा-निम्मा, सातवी-आठवीत ४० आणि ६०. आकारिक म्हणजे वर्षभराचा स्वाध्याय, प्रकल्प, प्रात्यक्षिक, तोंडी काम.

अर्धवट खरं आहे ते पाचवी आणि आठवीचं. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. पाचवीला विषयाला ५० गुण: ४० लेखी, १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आठवीला ६०: ५० आणि १०. पास व्हायला ३५ टक्के लागतात, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१. कमी पडले तर आधी सवलतीच्या गुणांचा नियम लावतात. तरीही राहिलं तर शाळेने जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची. त्यातही नापास झालं तरच मूल त्या वर्गात थांबतं. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळा त्याला काढून टाकू शकत नाही.

विदर्भात हे दोन महिने म्हणजे मे आणि जून. मुलं मामाच्या गावी, गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्यावर. निकालाच्या दिवशीच पुनर्परीक्षेची तारीख कागदावर लिहून घेतली नाही तर मूल केवळ गैरहजेरीने मागे राहतं. पाचवी-आठवीच्या पालकांनी जपायचं ते हेच.

‘शाळा बंद, गुरुजीची बदली’

याला काही आधार नाही. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे दरवर्षीच्या पदमंजुरीत, पटसंख्येवर ठरतात, आणि तो पट आधार क्रमांक वैध झालेल्या विद्यार्थ्यांचा धरतात. समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याचा, विषय २०२३ मध्ये निघाला तोही २० पेक्षा कमी पटाच्या शाळांबद्दल होता, गुणांबद्दल नव्हता. शाळेची काळजी असेल तर मुलांचे आधार कार्ड आणि जन्मतारखा जुळवून घ्या.

मात्र या अफवेने होणारं नुकसान खरं आहे. गुण कमी दिसले तर शाळेवर येईल या भीतीने फळ्यावर उत्तरं लिहिली गेली, तर तिसरीतलं अडलेलं मूल कागदावर पुढे दिसतं आणि त्याला कोणी हात देत नाही. काही वेळा हे पेपर यूट्यूबवरही फुटले. फुटलेल्या पेपरवर मिळालेले गुण त्या मुलाच्या काहीच कामाचे नाहीत.

‘कॉन्व्हेंटला नाही’

विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांना पॅट लागू नाही, हे बरोबर. पण संस्थांच्या अनुदानित शाळांना आहे, आणि तालुक्याच्या गावी पाचवी ते दहावीच्या बऱ्याच शाळा अशाच आहेत. तेव्हा ही फक्त झेडपीची चाचणी नव्हे.

‘गाईड आणा, ट्यूशन लावा’

मेसेजचा खरा हेतू या शेवटच्या ओळीत आहे, असं आम्हाला वाटतं. या चाचणीसाठी गाईड लागत नाही. प्रश्न अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं यावर, असतात आणि त्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेल्या आहेत.

गुणांच्या बेरजेपेक्षा चुकलेलं उत्तर जास्त सांगतं. ५२ मधून २७ वजा करताना मुलाने ३५ लिहिलं, तर त्याने सातातून दोन काढले, म्हणजे लहान अंक मोठ्यातून वजा केला. त्याला हातच्याची वजाबाकी कळलेली नाही. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करायला लावा. ‘चारशे तीन’ला ४००३ लिहिणाऱ्याची अडचण वेगळी, ती स्थानिक किमतीची. त्याला वजाबाकीची शंभर गणितं दिली तरी फरक पडणार नाही. शाब्दिक उदाहरण कोरं सोडलं असेल तर ते मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून उत्तर आलं तर गणित येतं, वाचन अडतं. ऐकूनही आलं नाही तर कोणती क्रिया करायची हे कळत नाही. या चौघांना सारखेच गुण पडू शकतात, पण उपचार चार तऱ्हेचे लागतात. म्हणून निकालाच्या दिवशी ‘किती पडले’ यावर थांबू नका. उत्तरपत्रिका पाहायला मागा, ‘कुठे अडलं आणि त्यावर काय करताय’ हे विचारा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय घेता येतो.

चाचणीवर बोलायचंच असेल तर वेळापत्रकावर बोला. २०२४ मध्ये विदर्भातल्या शाळा १ जुलैला उघडल्या आणि पायाभूत चाचणी १० जुलैला लागली, तर बाकी राज्याला जूनपासून उजळणीला वेळ मिळाला होता. २०२५ चं राज्यभराचं एकच वेळापत्रक ८ ते २५ एप्रिलचं होतं. त्या दिवसांत चंद्रपूर, अकोल्याचा पारा कुठे असतो ते सगळ्यांना माहीत आहे. संकलित १ येते तेव्हा शिवारात सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी असते, संकलित २ येते तेव्हा मोहफुलं वेचणं. चाचणीत गैरहजर राहिलेल्यांची यादी याच कामांवर गेलेल्या मुलांची असते. ते मूल परत येईल त्या आठवड्यात तोच पेपर त्याच्याकडून सोडवून घ्यावा, पोर्टलसाठी नाही, शिकवण्यासाठी.

आणि भाषा. भामरागड-एटापल्लीतल्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या किंवा धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला ‘प्रथम भाषा’ म्हणून मराठीचा पेपर मिळतो. तिसरीत मराठी त्याची दुसरी भाषा असते. त्याचे भाषेचे गुण बाकीच्यांशी ताडून पाहणं अन्यायाचं आहे, आणि गणितात तो मागे आहे असं ठरवण्यापूर्वी चुकलेला प्रश्न त्याच्या भाषेत, वर्गातल्या मोठ्या मुलाकडून का होईना, पुन्हा विचारून पाहायला हवा.