चौथ्या ओळीचा पंचम

चर्चच्या उपासनेत गीताचा क्रमांक जाहीर होतो, मंडळी उभी राहते, बाकं करकरतात आणि क्षणभर सगळं शांत होतं. ही शांतता प्रार्थनेची नव्हे. पहिला सूर कोण लावणार, याची आहे. पेटीवाला आलेला नसला की ते काम सर्वांत कमी घाबरणारा माणूस अंगावर घेतो, आणि असा माणूस हमखास दोन पट्ट्या वर असतो.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 55 स्तोत्रांच्या मथळ्यात ‘मुख्य गवयासाठी’ असं म्हटलं आहे. काहींवर चालीचीही नोंद दिसते. बाविसाव्यावर पहाटेच्या हरिणीची. पट्टी, म्हणजे कुठल्या उंचीच्या सुरावरून धरायचं ते, मात्र कुठेच दिलेली नाही. आमचे हाल तिथपासून सुरू आहेत, असं माझं नम्र मत आहे.

‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चालच घ्या. 1551 च्या जिनिव्हा स्तोत्रसंग्रहातली, चार ओळींची, प्रत्येक ओळीत 8 अक्षरं. दिसायला अगदी गरीब. षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, सुरू होते, पहिल्याच ओळीत मंद्र पंचमापर्यंत, खालच्या ‘प’पर्यंत, उतरून येते, दुसरीत सुरुवातीलाच तीनदा गांधार, म्हणजे ‘ग’, म्हणते. तिसरी ओळ षड्जावर टेकते, आपण सुटकेचा श्वास घेतो, आणि चौथीचा पहिलाच सूर थेट मध्य पंचम! पायरी नाही, कठडा नाही. षड्ज पांढरी पाचवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर असेल, तर हा पंचम पुढच्या सप्तकातल्या पांढरी दोनवर येतो. तिथवर बहुतेकांचे गळे पोचतात. उत्साहाच्या भरात कुणी पांढरी सात धरली, की तो जातो काळी तीनवर. मग पुढच्या बाकावरच्या दोन-तीन भगिनी तेवढ्या गातात. पुरुष ओळीच्या मधोमध एक सप्तक खाली उडी टाकतात, आणि उरलेल्यांना नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा असतो.

उपाय सोपा आहे. सुरुवातीचा सूर बघायचाच नाही, चालीतला सर्वांत वरचा सूर आधी शोधायचा. तो पांढरी दोनवर, फार तर काळी दोनवर बसवायचा आणि तिथून मनातल्या मनात पहिल्या सुरापर्यंत उतरायचं. चुकलंच तर कडवं संपल्यावर थांबून खाली धरायचं. पण थांबतो कोण? श्रद्धेच्या कामात माघार घ्यायला लाज वाटते.

चाल आणि शब्दांचं लग्नही मोजमाप बघून लावायचं असतं. ओळींत अनुक्रमे 8, 6, 8, 6 अक्षरं असलेले शब्द 8.8.8.8 च्या चालीवर घातले, तर दुसऱ्या ओळीच्या शेवटी दोन सूर शिल्लक राहतात आणि शब्द संपलेले असतात. मंडळी शेवटचं अक्षर चघळत ते दोन सूर काढते. धोतर आखूड पडल्यासारखं दिसतं ते.

शिवाय आम्ही मागच्या बाकावरचे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 30 मीटरवरच्या माणसाला पुढचा सूर सुमारे 0.09 सेकंद उशिरा मिळतो, त्याचा सूर पुढे पोचायला तेवढाच वेळ. पुढचा मागच्यांसाठी थांबतो, मागचे पुढच्यासाठी, आणि गीत बैलगाडीच्या चालीने निघतं. म्हणून गाणं धरणाऱ्याने कानांपेक्षा स्वतःच्या ठेक्यावर भरवसा ठेवावा. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1761 मध्ये गाण्यासाठी सात सूचना छापल्या. त्यांत रेंगाळत गाण्याची खोड आळशी लोकांना आपोआप लागते असं सांगितलं आहे, ओरडू नका असंही. आणि गाणं हा क्रूस वाटत असेल तर तो उचला! शेजारच्याने काय उचलायचं, ते मात्र लिहायचं राहिलं.

अर्थात वाजवणारा हजर असला म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. 1706 मध्ये जर्मनीतल्या आर्न्श्टाटच्या चर्चने आपले ऑर्गनवादक, पुढे थोर संगीतकार ठरलेले बाख, यांना जाब विचारला होता. गीतात भलतेच सूर घालून ते मंडळीला गोंधळात टाकतात, ही तक्रार. पूर्वी ते फार लांबवत, सांगितल्यावर एकदम फार आखूड वाजवू लागले, हेही नोंदलेलं आहे. रुसलेला वादक तेव्हापासून तसाच आहे.

पेटीशिवाय चार कडवी झाली की सूर हळूहळू खाली घसरतो. चढताना आपण सुरांत थोडी कंजुषी करतो, उतरताना मात्र पुरेपूर उतरतो, आणि तो तीनदा म्हटलेला गांधार दर वेळी किंचित बसत जातो. पाचव्या कडव्यापर्यंत पंचम सगळ्यांच्या आवाक्यात आलेला असतो. पुरुष वर परततात, चष्मे डोळ्यांवर चढतात, मागचं बाकही मोकळ्या गळ्याने गाऊ लागतं. आणि नेमका तेव्हाच उशिरा आलेला पेटीवाला साथ द्यायला बसतो, भाता मारतो आणि आमचा षड्ज शोधू लागतो. तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत असतो.