'चॉकलेटमध्ये कुठे असतो गहू?'

दिवाळी जवळ आली की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांना चॉकलेटचा डबा द्या. चॉकलेट कोकोचं असतं, त्यात गहू नसतो. हिरवा ठिपका बघून घ्या. आणि एखादं खाल्लं तर काही होत नाही.' पाठवणाऱ्यांचा जीव असतो आमच्यावर, ते मला कळतं. पण माझ्या मुलीला सहाव्या वर्षी सीलिअॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार, आणि तेव्हापासून यातलं एकेक वाक्य मी घरात आलेल्या डब्यांवर ताडून बघितलंय.

कोकोत, साखरेत, दुधाच्या पावडरीत ग्लुटेन नसतं, एवढं खरं. पण डब्यात नुसतं चॉकलेट असतं कुठे? सोनेरी कागदातलं फेरेरो रोशे घ्या, आतलं कुरकुरीत कवच गव्हाच्या पिठाचं असतं. दुसऱ्या एखाद्या डब्यात बिस्किटाचा चुरा निघतो. 'क्रिस्पी' म्हणून घातलेल्या तांदळाच्या दाण्यांनाही बरेचदा माल्टची चव दिलेली असते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणि जवातही ग्लुटेन असतं. त्यामुळे 'गहू नाही ना' एवढंच बघून भागत नाही.

गेल्या भाऊबीजेला मामाने आणलेला डबा लेकीने हातात घेतल्या घेतल्या उलटा केला. बारीक अक्षरांवरून बोट फिरवत ती 'बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट'पाशी थांबली, काही न बोलता डबा टेबलावर ठेवला आणि मामाला ओवाळायला आली. मामाचा चेहरा बघवत नव्हता.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, 'वेफर नसलेली चार वेचून दे.' नको. मिश्र डब्यात सगळी एकाच ट्रेमध्ये असतात, चुरा सगळीकडे लागतो. उलट माल्टोडेक्स्ट्रिन वाचून घाबरू नका. नावात माल्ट असलं तरी ते जवाचं नसतं, बहुधा मक्याच्या स्टार्चपासून करतात.

हिरव्या ठिपक्याचा अर्थ फक्त शाकाहारी. मैदाही शाकाहारीच आहे! बघायचं ते 'ग्लुटेन-फ्री' हे शब्द. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे त्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. शिवाय घटकांच्या यादीखालची 'कंटेन्स' आणि 'मे कंटेन' ही ओळ वाचा. ओळखीच्या ताई घरी करून देतात त्या चॉकलेटवर अशी ओळच नसते, आणि त्याच ओट्यावर केकसाठी मैदा चाळलेला असतो.

'एखादं खाल्लं तर' या वाक्याचा मला सगळ्यात त्रास होतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर सीलिअॅकच्या रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. 50 मिलिग्रॅम म्हणजे साधारण पाव चमचा मैद्यात असतं तेवढं. आता दिवाळीचे दिवस मोजा आणि प्रत्येक घरातलं 'एखादं' मोजा. त्यात ही शेंगदाण्याच्या अॅलर्जीसारखी लगेच दिसणारी गोष्ट नाही. पोट दुखलं नाही तरी लहान आतड्याच्या आतल्या, अन्नरस शोषणाऱ्या बारीक उंचवट्यांची झीज होऊ शकते. 'आम्ही दिलं होतं, काही झालं नाही' हे म्हणूनच खरं मानता येत नाही.

हे आजकालचं फॅडही नाही. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच गव्हाशी याचा संबंध ओळखला होता.

मग आणायचं काय? एकाच चवीचं, भरीव चॉकलेट, डबा सीलबंद, वर 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं. तसं मिळालं नाही तर घरी केलेली शेंगदाण्याची चिक्की किंवा नारळाची वडी आणा, ती लेक आनंदाने खाते. बेसनाचे लाडू मात्र विचारून. गिरणीत गव्हानंतर लगेच डाळ दळलेली असली तर त्यात गव्हाचं पीठ येतंच.

यंदा मामाने पैसे देण्याआधी दुकानातूनच डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. फोटो हलला होता, अक्षरं लागेनात. लेकीने फोन करून दुसरा काढायला लावला.