क्रँक हलका करा अन् पाच एचपी वाढवा म्हणे

गेल्या आठवड्यात चार जणांनी मला तोच एक मेसेज पाठवला, एकाने तर भरीत पार्टीच्या ग्रुपवर टाकला. त्यात काय, तर क्रँकचं (पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणारा इंजिनातला दांडा) २ किलो वजन उतरवा, ५ एचपी वाढतात, मायलेजही वाढतं, फोर्ज (ठोकून घडवलेला) क्रँक असला तर कुठूनही कापा काही होत नाही, अन् दोन्हीकडून सारखं कापलं की बॅलन्सिंगला (फिरताना थरथरू नये म्हणून वजन तोलून घ्यायला) पैसे घालायची गरजच नाही. जळगावात क्रँक बॅलन्सिंगचंच काम करतो मी, म्हणून बोलतो.

एचपी वाढत नाही भो. ताकद येते जळणाऱ्या डिझेल-पेट्रोलमधून, क्रँकच्या वजनातून नाही. क्रँक हलका झाला की इंजिन आरपीएम पटकन चढवतं अन् पटकन सोडतं, रेसच्या गाडीला ते कामाचं, ते लोक करतात ते बरोबरच करतात. पण रावेरकडून केळीची ट्रॉली भरून निघालेल्या ट्रॅक्टरला उलट तेच वजन लागतं, क्लच सोडताना इंजिन बंद पडू देत नाही ते. मायलेजचं म्हणाल तर भुसावळ रोडला एका स्पीडने चाललात की काहीच फरक नाही, गावात धर-सोड करताना पडेल तो पंपावर कळणार नाही इतका.

अन् २ किलो काढले ते कुठून, हे कोणी विचारतच नाही. मध्यापासून ८ सेंटीमीटरवरचा १ किलो आणि ४ सेंटीमीटरवरचे ४ किलो, आरपीएम चढवताना दोन्ही सारखेच जड पडतात. म्हणून सगळे बाहेरच्या काउंटरवेटवर (क्रँकला तोल म्हणून ठेवलेला जड भाग) तुटून पडतात. पण तो तिथं शोभेला नाही लावलेला, विरुद्ध बाजूची क्रँकपिन अन् तिच्यावर बसणारं कनरॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणारा रॉड) मोठं टोक तोलायला आहे. आधी पिन आतून पोकळ करा (ऑईलचं होल सांभाळून), रॉड-पिस्टन हलके घ्या, मग त्या हिशोबाने काउंटरवेटला हात लावा.

आता ‘सारखं कापलं की झालं’. मागे एक पोरगा चार सिलेंडर जीपचा क्रँक घेऊन आला, काका मी घरीच वजन करून केलंय, फक्त बघून द्या. हँड ग्राइंडरने घासलेला, दोन्ही टोकांकडून काढलेला कीस त्याने म्हणे काट्यावर तोलला होता. नाइफ एजवर (दोन धारदार पट्ट्या, एक बाजू जड असली तर क्रँक त्यावर आपोआप लोळतो) ठेवला तर क्रँक जागचा हलेना, पोरगा खुश. बॅलन्सिंग मशीनवर फिरवला तर पुढच्या टोकाला ३८ ग्रॅमचा फरक आणि मागच्या टोकाला ३६ ग्रॅमचा, अगदी विरुद्ध बाजूंना! क्रँकच्या पुढच्या अर्ध्यात त्याने टोकाचा काउंटरवेट जास्त घासला होता, मागच्या अर्ध्यात मधल्या बाजूचा. क्रँक थांबलेला असताना दोन्ही फरक एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून नाइफ एजवर दिसत नाही, फिरायला लागला की एक टोक वर ओढतं तेव्हा दुसरं खाली. ८० मिलीमीटरवरचे ३८ ग्रॅम ३००० आरपीएमला साधारण ३० किलोचा झटका देतात, प्रत्येक फेरीला, अन् आरपीएम दुप्पट केला तर चौपट. मेन बेअरिंग (ज्यात क्रँक फिरतो ते) किती दिवस टिकणार सांगा.

फोर्जचं अर्धं खरं आहे. ठोकून घडवताना पोलादाचे रेषे वळणाबरोबर वळतात म्हणून तो ओतीव क्रँकपेक्षा दणकट. पण क्रँक बहुतेक तुटतो तो जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) अन् वेबच्या (जर्नलना जोडणारी पाकळी) कोपऱ्यातल्या गोलाईतून, तिथं ग्राइंडरचा एक ओरखडा पुरतो तडा सुरू व्हायला. त्या पोराच्या क्रँकला नेमका तिथंच निळा डाग होता, म्हणजे इतका तापवलेला. काउंटरवेटमध्ये टंगस्टन (खूप जड धातू) ठोकून बॅलन्स जमवता आला असता, पण क्रॅक टेस्टला त्याच डागात केसाएवढी रेघ निघाली. मग काय करणार, भंगारात.

अन् बुलेटवाल्यांनो, तुमचं तर वेगळंच. सिंगल सिलेंडर पूर्ण बॅलन्स होतच नाही, पिस्टनच्या वर-खाली वजनाचा काही हिस्साच काउंटरवेटमधून तोलायचा असतो, बहुतेक अर्ध्याच्या आसपास किंवा थोडा जास्त, तो घासून टाकलात तर उभा धक्का वाढणारच. क्रँक आणाल तेव्हा पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) सगळं सोबत आणा, नुसता क्रँक घेऊन आलात तर मी दारातूनच परत पाठवतो.