ठिपका दिसला की आधी अंगठा आवरा

"स्क्रीनवर ठिपका दिसतोय? दुकानात धावू नका!" अशी आरोळी ठोकून सुरू होणारा एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. काल तो मावशीकडून आला, खाली प्रश्न: "दाबून बघू का रे?" मॉनिटर नवा कोरा, आठवडासुद्धा झालेला नाही. त्यामुळे हे सविस्तर लिहिणं आलं.

मजकुरातले दावे असे: एक, कोमट ओल्या कपड्यात बोट गुंडाळून ठिपका जोरात दाबा, पिक्सेल "जागा होतो". दोन, नाही झाला तर रंग लुकलुकवणारा व्हिडिओ रात्रभर लावा आणि समोर बसून लक्ष ठेवा. तीन, तरीही राहिला तर एका पिक्सेलवरही नवीन स्क्रीन मिळणं हा तुमचा हक्क, आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा, नियमच आहे. चार, रेघा आल्या म्हणजे पॅनेल (चित्र दाखवणारी काच) गेलं. पाच, महिन्यातून एकदा काच पुसायच्या स्प्रेने साफ करा. सहा, डाग असेल तर लोहचुंबक फिरवा.

यातला क्रमच घातकी आहे. पहिली पायरी इमानेइतबारे पाळली की तिसरीतला "हक्क" तिथेच संपतो, कारण दाबून झालेला डाग नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.

दाबायचं म्हणजे नेमकं कशावर, ते बघा. एलसीडीत दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकांचा थर असतो, जाडी तीन-चार मायक्रॉन. केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस थर सहज मावतील. हे अंतर सगळीकडे सारखं राहावं म्हणून आत अतिसूक्ष्म खांब उभे केलेले असतात, आणि स्फटिकांनी एका दिशेत रांग धरावी म्हणून काचेला आतून पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा असतो. वरून अंगठा रेटला की ते खांब पापुद्र्यावर घासतात. तिथे ओरखडा पडला की स्फटिकांची रांग मोडते आणि काळ्या पडद्यावर त्या जागेतून प्रकाश गळायला लागतो, कायमचा. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल जेमतेम पाव मिलिमीटरचा. म्हणजे शोधायला लागणाऱ्या ठिपक्याच्या जागी आता न शोधता दिसणारा, नखाएवढा पांढुरका डाग.

मग "माझा तर दाबून गेला" म्हणणारे भेटतात, ते कसे? दाबताना द्रव बाजूला सरकतो, रंग लहरतात, ठिपका क्षणभर लोपतो. बोट काढल्यावर बहुतेकदा परत येतो, पण तोवर यशाची बातमी गटावर गेलेली असते. एकाच रंगात अडकलेला एखादा पिक्सेल क्वचित खरंच सुटतो, ते नाकारत नाही. पण पाव मिलिमीटरसाठी अख्खं पॅनेल पणाला लावायचं का? ओएलईडी (पिक्सेल स्वतःच उजळणारी स्क्रीन) असेल तर गोष्ट आणखी वाईट. तिथे ओलावा आत जाऊ नये म्हणून वर जे पातळ संरक्षक आवरण असतं, त्याला तडा गेला की काळा डाग दिवसागणिक पसरतो. आणि कोमट ओला कपडा? विजेवर चालणाऱ्या वस्तूच्या कडेला पाणी न्यायचा सल्ला, बाकी काही नाही.

शिवाय तो ठिपका पिक्सेलच आहे हे ठरवलं कुणी? भिंग घ्या किंवा मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन बघा. पिक्सेलचा दोष असेल तर कडा धारदार दिसतात आणि ठिपका लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या, म्हणजे उपपिक्सेलांच्या, चौकटीत चपखल बसतो. कडा धूसर आणि आकार वेडावाकडा असेल तर तो मागच्या प्रकाश पसरवणाऱ्या थरांमध्ये अडकलेला धुळीचा कण. तो दाबून मरत नाही आणि व्हिडिओ बघून जागाही होत नाही. पिक्सेलच निघाला तर रंग बघा. सतत लाल, हिरवा किंवा निळा असेल तर तो अडकलेला. आयपीएस आणि व्हीए जातीच्या एलसीडी पॅनेलवर कायम काळा असेल तर मेलेला, कारण वीज पोचली नाही की या पॅनेलचा पिक्सेल बंद राहतो. जुन्या टीएन पॅनेलमध्ये उलटं: वीज नसली की प्रकाश आरपार जातो, म्हणून तिथे मेलेला पिक्सेल उजळ दिसतो.

लुकलुकत्या व्हिडिओत अर्धसत्य आहे, तेवढं देऊन टाकतो. अडकलेला रंगीत उपपिक्सेल वेगाने चालू-बंद केल्यावर कधीकधी सुटतो. मेलेल्याला मात्र रात्रभर नाही, महिनाभर लुकलुकवलं तरी ढिम्म. पण "समोर बसून लक्ष ठेवा" हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं! वेब सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शिकेत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, २००८ पासून स्पष्ट मर्यादा आहे: कुठल्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको. हे व्हिडिओ ती मर्यादा पहिल्याच सेकंदात ओलांडतात. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, त्यात बहुतेक मुलं. करायचंच असेल तर खिडकी लहान करून फक्त ठिपक्यावर ठेवा, स्क्रीन भिंतीकडे वळवा, खोलीत मुलं नकोत. तासा-दोन तासांत फरक पडला नाही तर नाद सोडा.

आता आयएसओ. नाव घेतलंय म्हणजे वाचलं असेल असं वाटतं, पण नाही. ज्या मानकाचा हवाला अजून दिला जातो ते आयएसओ १३४०६-२, सन २००१ चं. त्यात पॅनेलचे चार वर्ग आहेत. शून्य दोष फक्त पहिल्या वर्गात. मॉनिटर कंपन्या सर्रास जो पाळत आल्या तो दुसरा वर्ग, आणि त्यात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत उजळ पिक्सेल, दोन सतत काळे आणि पाच सदोष उपपिक्सेल चालतात. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, एकूण २०,७३,६०० पिक्सेल. म्हणजे चार उजळ, चार काळे आणि दहा उपपिक्सेल एवढा दोष असूनही पॅनेल कागदोपत्री निर्दोष! फोर-के घेतलात तर पिक्सेल चौपट, ८२,९४,४००, आणि सूटही चौपट: सोळा, सोळा आणि एकेचाळीस. महाग स्क्रीनवर जास्त ठिपके चालवून घ्यायचे, असा हा हिशेब. "९९.९९ टक्के पिक्सेल चालू" ही जाहिरातही अशीच गुणून बघा, फुल एचडीवर तब्बल २०७ बंद पिक्सेल त्यात बसतात.

हे मानक २००८ मध्ये मागे पडून आयएसओ ९२४१ ची ३०० ची मालिका आली, पण मूळ गोष्ट तीच राहिली. मानक म्हणजे प्रतवारी, कायदा नव्हे. कुठला वर्ग पाळायचा ते कंपनी ठरवते आणि वॉरंटीच्या कागदात लिहिते. एका पिक्सेलवर स्क्रीन बदलून देणाऱ्या योजना आहेत, हे खरं. डेलच्या अल्ट्राशार्प मालिकेत एक जरी सतत उजळ पिक्सेल सापडला तरी बदली मिळते. पण "उजळ" हा शब्द नीट वाचा. काळ्या ठिपक्यांचा हिशेब वेगळा असतो.

म्हणून नवा मॉनिटर असेल तर पिक्सेल मोजत भांडण्याआधी विक्रेत्याची परताव्याची मुदत बघा. "पसंत नाही" म्हणून परत घेण्याची सोय असेल तर तिथे ठिपक्यांची किमान संख्या लागत नाही. ती मुदत व्हिडिओ बघण्यात घालवली की उरतो तो वॉरंटीचा लांबचा रस्ता, आणि तिथे किती ठिपके चालतात त्याचा तक्ता दाखवतात.

"रेघा म्हणजे पॅनेल गेलं" यावर लोकांनी चांगल्या स्क्रीन भंगारात घातल्यात. आधी मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष मॉनिटरमध्ये. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र फाटलेलं, तर केबल, पोर्ट किंवा ग्राफिक्स कार्ड. लॅपटॉपवर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या यंत्रावर बघा. रेघ त्यातही आली तर स्क्रीन निर्दोष आहे. स्क्रीनशॉट साफ असेल तर झाकण हळूहळू पुढे-मागे करा. कोन बदलला की रेघा येत-जात असतील तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलवर घ्या, ती पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलते. एकच उभी रेघ, वरपासून खालपर्यंत, कोन बदलला तरी जागची न हलणारी: ही मात्र बहुधा काचेच्या कडेला चिकटवलेल्या, पिक्सेलना संकेत पोचवणाऱ्या ड्रायव्हर पट्टीचा जोड सुटल्याची खूण, आणि तिथे पॅनेलच बदलावं लागतं. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर टॉर्च तिरपा मारा. चित्र अंधूक दिसलं तर बिघाड मागच्या प्रकाशाच्या व्यवस्थेत आहे.

लॅपटॉपचं पॅनेल बदलायचंच ठरलं तर लॅपटॉपच्या नव्हे, पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा नंबर जुळवा. इंच आणि रिझोल्यूशन सारखं असूनही कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, तो कुठल्या बाजूला, कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, यावर गाडी अडते. आणि बॅटरीची जोडणी काढल्याशिवाय डिस्प्ले केबलला हात लावायचा नाही. बॅकलाइटची, म्हणजे त्या मागच्या प्रकाशाची, वीज त्याच कनेक्टरमधून जाते, पिन जरा तिरकी लागली की मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो आणि नवीन पॅनेलही काळंच राहतं.

स्प्रे: अमोनिया आणि अल्कोहोल चकाकी रोखणारा थर खराब करू शकतात, आणि ओघळ खालच्या कडेने आत जातो, जिथे अनेकदा त्याच ड्रायव्हर पट्ट्या बसवलेल्या असतात. स्क्रीन बंद करून कोरडा मायक्रोफायबर पुरतो. फार तर कपडा शुद्ध पाण्याने किंचित ओलसर करा, स्क्रीनवर थेंब नको. लोहचुंबकाचा संबंध जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीशी. एलसीडीत त्याला करण्यासारखं कामच नाही.

आता मावशीसाठी, नेमकं काय करायचं ते. मॉनिटर अर्धा तास चालू ठेव. मूळ रिझोल्यूशनवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच सपाट रंग पूर्ण स्क्रीनभर लाव, काळा बघताना खोलीत अंधार कर. ठिपका दिसला की शेजारी माउसचा बाण ठेवून एक फोटो जवळून आणि एक अख्ख्या स्क्रीनचा काढ, कॅमेऱ्याचा उजेड लॉक करून, नाहीतर काळ्यावर सगळंच राखाडी येतं. मागच्या सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटोही लागेल. तक्रारीत "स्क्रीन खराब आहे" एवढंच लिहू नकोस. "काळ्या पडद्यावर एक सतत लाल उपपिक्सेल, उजव्या कडेपासून इतके आणि वरून इतके सेंटिमीटर" असं लिही. खोकं, थर्माकोल, स्टँड, केबल काही टाकायचं नाही.

बदली आली की ती नवीच असेल असं धरून चालू नकोस, अनेकदा दुरुस्त केलेला नग येतो. सीरियल नंबर तक्रारीच्या कागदावर बदललाय का ते बघ, पाचही रंग त्याच दिवशी पुन्हा लाव, आणि ते होईपर्यंत जुन्याचं खोकं चिकटवू नकोस.