मेन रोडवरची जुनी पेढी: पाडू नका, म्युझियमही करू नका

मेन रोडवरची कापसाची जुनी पेढी पाडून तिथे कॉम्प्लेक्स करायचं घाटतंय, हे आता चहाच्या टपरीवरच्या पोरालाही माहीत आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाडू नका. आणि 'वारसा, वारसा' करत तिथे म्युझियमचं कुलूपही लावू नका. दुकानांसाठी बांधलीय, दुकानंच राहू द्या.

आपल्या खान्देशातल्या अशा पेढ्या कापसाच्या पैशावर उभ्या राहिल्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाचे दिवस पालटले. पुढे १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे आली आणि गाठी सरळ सुरतेकडे जाऊ लागल्या. खाली गादी, मागे वखार, माडीवर मुनीमजींचा मुक्काम, अशी ही बांधणी त्या धंद्याच्या सोयीची. धंदा बसला तो इमारत म्हातारी झाली म्हणून नाही. १९७२ ला सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली आणि खासगी अडत्यांच्या गाद्या एका फटक्यात रिकाम्या झाल्या. मग तिथे कापडवाला आला, किराणावाला आला, शिंपी आला.

त्या किराणा दुकानाला शटर नाही, हे कधी नीट बघितलंय का? सागाच्या फळ्या आहेत. एकेक फळी खाचेत सरकवत न्यायची. प्रत्येकीच्या पाठीवर गुजराती आकडा कोरलेला, आणि क्रम चुकला की शेवटची फळी बसतच नाही. दुकानदार रात्री अंधारात आकडा बोटाने चाचपून लावतो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर असतो, पण ओटा चढून आत गेलं की अंगाची लाही थांबते. जाड भिंती, उंच कडीपाट, वर मातीचं धाबं. समोरच्या नव्या गाळ्यांत दुपारी एसी लावल्याशिवाय गिऱ्हाईक टिकत नाही.

'पडायला आलीय' म्हणणाऱ्यांना एक विचारतो: मग जुनं लाकूड घेणारे व्यापारी तिथे चकरा का मारतात? एका सुतारकाकांनी खांबावर टिचकी मारून सांगितलं, "भाऊ, आसं लाकूड आते भेटत नही." खरा डोळा त्या खांबांवर आणि तुळयांवर आहे. पेढी उभी राहण्यापेक्षा पडली तर जास्त पैसे देते, हे साधं गणित आहे. कॉम्प्लेक्सचं म्हणाल तर गावातले आहेत ते बघा. खालचे गाळे चालतात, वरच्या मजल्यावर कबुतरं आणि पिचकाऱ्या.

आता भाडेकरूंना राग येईल असं बोलतो. (माझेही मित्र आहेत त्यात, उद्या उधारी बंद होईल.) महिन्याचं भाडं म्हणजे दोन माणसांच्या नाश्त्याचा खर्च. तेवढ्यात मालक छपराच्या धाब्यावर खारी माती कशी टाकणार? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे, पण मुळातच चिमूटभर असलेल्या रकमेवर ४ टक्के म्हणजे किती? तुम्ही स्वतःहून रास्त भाडं द्या आणि बदल्यात दुरुस्ती लेखी मागा. मालकांचंही सोपं नाही. उताऱ्यावर वारसांची रांग लागलीय, कोणी सुरतेला, कोणी पुण्याला, आणि सही करायला एकही वेळेवर हजर नसतो.

नगरपालिकेकडून माझी फार अपेक्षा नाही. जो मालक जुनी इमारत दुरुस्त करेल, त्याला काही वर्षं घरपट्टीत सूट द्यावी, बस.

आणि दुरुस्ती म्हणजे सिमेंट थापणं नव्हे. चुन्या-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून भुसभुशीत होते. मागच्या बाजूला तसं करून ठेवलंय. खाली फुगलेले पोपडे जाऊन बघा. चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री शोधावा लागेल, दोन पैसे जास्तही जातील.

सध्या तातडीचं काम वेगळंच आहे. सज्जाच्या कोपऱ्यात पिंपळ उगवलाय, मूळ थेट भिंतीत शिरतंय. नुसता छाटला की दुप्पट फुटतो, तो मुळासकट काढायला हवा. शिडी माझ्याकडे आहे. मालकांनी हो म्हटलं तर या रविवारी मी येतो. बाकीची भांडणं पावसाळ्यानंतर करू.