बसमध्ये गप्प बसलेला माणूस

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगाव तालुक्यात एका बसमध्ये तिकीट देताना मराठी की कन्नड यावरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली आणि पुढे काही दिवस दोन्ही राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. इथे टोरांटोतल्या आमच्या बेळगावकरांच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मला मात्र खानापूर तालुक्यातल्या नंदगडचा माझा मामा दिसत होता. तो त्या बसमध्ये असता आणि कंडक्टरने त्याला काही विचारलं असतं, तर त्याला मराठीतही उत्तर देता आलं नसतं आणि कन्नडमध्येही नाही. दोन्ही बाजूंना वाटलं असतं, हा मुद्दाम बोलत नाही.

मामाच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात सावरला, पण वाचा अडकली. याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या भागात, जिथे बहुतेकांची भाषा असते, तिथला रक्तपुरवठा तुटला की असं होतं. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना हा त्रास होतो. माणूस तोच असतो. त्याची अक्कल, आठवणी, राग, माया सगळं जागेवर असतं, फक्त शब्द हाताला लागत नाही. मामाला आज कोणता वार ते सांगायचं असलं की तो सोमवारपासून म्हणत येतो आणि नेमक्या वारावर थांबतो. स्वतःचं नाव विचारलं तर घाम फुटतो, पण हरिपाठ सुरू झाला की ओळीच्या ओळी तोंडातून येतात. पाठ झालेलं, तालातलं बोलणं वाचाघातात पुष्कळदा शिल्लक राहतं.

मामाचं कन्नड बाजारापुरतं. दुकानाचा माल, उधारी, तहसील कचेरी एवढं त्यात भागायचं. बाकी सगळं मराठीत. दवाखान्यात त्याची तपासणी मात्र कन्नडमध्ये झाली आणि कागदावर आलं की रुग्णाला बोललेलं समजत नाही. मामी सांगत राहिली, ‘सगळं समजतंय ओ त्यांना.’ तिचं कागदावर आलं नाही. तपासणारी मुलगी मनापासून काम करत होती. तिला मराठी येत नव्हतं आणि तिच्यासोबत मराठी बोलणारं कुणी द्यावं असं कुणाला सुचलं नाही.

दोन भाषा बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच बुडतात आणि सारख्याच परत येतात असं नाही. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मिशेल पॅराडी यांनी याचसाठी चाचणी तयार केली. रुग्णाची प्रत्येक भाषा वेगळी तपासायची, मगच निष्कर्ष काढायचा. इंग्रजी-फ्रेंचचं भांडण पिढ्यानपिढ्या चाललेल्या शहरातून हे काम निघालं, याचं मला बेळगावकर म्हणून फार वाटतं. आपल्याकडेही 1956 पासून सीमेचं भांडण आहे, 2004 पासून त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण खाटेवरच्या माणसाची भाषा कोणती, हा प्रश्न आपल्या निवेदनांत मला अजून दिसलेला नाही.

टोरांटोत 1979 पासून वाचाघात झालेल्यांसाठी एक संस्था आहे, द अफेझिया इन्स्टिट्यूट. तिथल्या ऑरा केगन यांनी संवादाची जी पद्धत घडवली ती मी शिकलो. समोरच्याला आधी सांगायचं, ‘तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे.’ मग कागद पुढे ओढायचा. जाड काळ्या पेनाने मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहायचा, त्याखाली ‘हो’, ‘नाही’ आणि प्रश्नचिन्ह. तो बोट ठेवेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं. वाक्य आपण पुरं करायचं नाही, आवाज चढवायचा नाही, तो बहिरा नसतो. शेवटी आपल्याला काय कळलं ते परत सांगून त्याच्याकडून खात्री करून घ्यायची. यासाठी डॉक्टर लागत नाही. तिथे शेजारीपाजारी, निवृत्त शिक्षक, कॉलेजची पोरं हे करतात.

म्हणून इकडे सगळं सोनं आहे असं कुणी समजू नये. टोरांटोशेजारच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टनमध्ये मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांना वाचाघात झाला की संस्थेचे इंग्रजीतले मेळावे त्यांच्या फारसे कामाचे नसतात. दुभाषी ठरलेल्या वेळेपुरता येतो, आणि मधल्या दिवसांत दाराची बेल वाजत नाही. मामाकडे रोज माणसं येतात. फक्त ती मामीशी बोलतात, ‘जेवतात काय ओ?’ असं त्याच्यासमोरच विचारतात आणि त्याच्याशी बोलायचं झालं तर लहान पोराशी बोलावं तसं ओरडून. इथल्या माणसांना हे शिकवलेलं असतं, गावाकडच्या माणसांकडे वेळ आणि आपुलकी असते. आपल्याकडे जे कमी आहे ते आणणं जास्त सोपं आहे, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचा आधारही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषा दोष आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघात नावानिशी आहे. गावात किती घरांना हे माहीत असेल? दाखला, ओळखपत्र यांसाठी कुणी जातच नाही, कारण ‘वय झालं, वारं गेलं’ म्हणून विषय संपतो. या विषयातली देशातली मोठी संस्था आपल्याच राज्यात, म्हैसूरला 1965 पासून आहे, पण बेळगावहून ती जवळपास 600 किलोमीटर. खानापूरच्या आशाताईला, डेपोतल्या कंडक्टरला, बँकेतल्या कारकुनाला एक दुपार शिकवलं तर त्या 600 किलोमीटरांतलं बरंच अंतर गावातच कापलं जाईल.

पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने 1956 मध्येच मान्य केलं. परिपत्रकं मराठीत मिळावीत म्हणून आपले लोक लाठ्या खात आले, आणि ती मागणी रास्तच आहे. तिच्यात एक कलम वाढवा: तालुका दवाखान्यात वाचा तपासताना आणि उपचार करताना रुग्णाची घरची भाषा वापरावी, मराठी असो, कन्नड, उर्दू वा कोंकणी. निपाणीतल्या कन्नड आजीलाही हे कलम तितकंच लागू असू द्या. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालणारे मराठी आणि त्याच दिवशी राज्योत्सव करणारे कन्नड, दोघांच्याही घरात वारं जातं.

नंदगडच्या भजनी मंडळाला मी पत्र लिहिलंय. मामाला पुन्हा हरिपाठाला बसवा, टाळ त्याच्या हातात द्या, आणि पाठ संपला की पाच मिनिटं कागद-पेन घेऊन त्याच्याशी बोला, कसं ते मी फोनवर दाखवतो. मंडळाचा होकार आलाय. शेजारचे कन्नड मास्तरही शिकायला येतो म्हणालेत.